लिंकनची घरची पत्रं: साक्ष कशाची?

अब्राहम लिंकनने बायकोला लिहिलेली पत्रं फार थोडी उरली आहेत. १८४८ साली तो वॉशिंग्टनला काँग्रेसचा सभासद होता आणि मेरी मुलांना घेऊन केंटकीत माहेरी होती, तेव्हाची मोजकी पत्रं. १८६० साली पूर्वेकडच्या भाषणदौऱ्यात लिहिलेलं एक. आणि यादवी युद्धाच्या काळातल्या बऱ्याचशा तारा आणि एखाद-दुसरं पत्र. सगळं एका बैठकीत वाचून संपेल. तरीही या एवढ्याशा कागदांवर दीडशे वर्षं एकच खटला चालला आहे: लिंकनचा संसार सुखाचा होता की दुःखाचा? एका बाजूने पत्रातली थट्टा आणि ओढ दाखवायची, दुसऱ्या बाजूने त्याच पत्रातला उपदेशाचा सूर आणि पैशांची कुरबुर दाखवायची, आणि दोघांनी आपापला निकाल आधीच लिहून ठेवलेला असायचा. माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर देण्याची ताकद या पत्रांत नाही. मात्र ती दुसऱ्या एका गोष्टीची भक्कम साक्ष देतात. त्यांच्यातून लिंकनचं अंतरंग जितकं कळतं त्याहून जास्त त्यांची वाचक कळते. ती काय जाणत होती, तिला काय सांगावं लागत नव्हतं आणि कोणत्या गोष्टीत तिचं मत गृहीत धरलं जात होतं, हे पाहिलं तर राजकारण तिच्या घराबाहेरचं नव्हतं असं दिसतं.

आधी वादाची स्थिती. त्याची सुरुवात विल्यम हर्नडनपासून होते. हा लिंकनचा स्प्रिंगफील्डमधला वकिलीतला भागीदार. त्याचं आणि मेरीचं कधीच जमलं नाही. लिंकनच्या हत्येनंतर त्याने ओळखीपाळखीच्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या. १८६६ सालच्या व्याख्यानात त्याने अ‍ॅन रटलेज या तरुणपणी वारलेल्या मुलीवरच लिंकनचं खरं प्रेम होतं असा दावा केला. १८८९ साली निघालेल्या त्याच्या चरित्राने कजाग बायको आणि सोशिक नवरा हे चित्र पक्कं केलं. तोवर मेरीला जाऊन सात वर्षं झाली होती. १९५३ साली रूथ पेंटर रँडल यांनी या लग्नाचंच चरित्र लिहून मेरीची बाजू मांडली. त्याच वर्षी लिंकनच्या समग्र लेखनाची रॉय बासलर संपादित आवृत्ती आली, आणि नवऱ्याची पत्रं भागीदाराच्या आठवणींशी ताडून पाहणं सोपं झालं. १९७२ साली दोघा टर्नरांनी मेरीची पत्रं एकत्र छापली. १९८७ साली जीन बेकर यांनी तिला तिच्या काळातल्या स्त्रियांच्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. उलट मायकेल बर्लिंगेम यांनी १९९४ पासून २०२१ पर्यंत हर्नडनच्याच बाजूने नवा पुरावा रचला. साहित्य वाढत गेलं, पण प्रश्न जागचा हलला नाही. आरोपी आणि फिर्यादी आळीपाळीने बदलले, इतकंच.

प्रश्न हलत नाही, कारण तो विचारण्यासाठी हे साहित्यच अपुरं आहे, आणि ही उणीव केवळ संख्येची नाही. पत्र लिहिलं जातं ते माणसं लांब असतात तेव्हा. लिंकन दांपत्याच्या आयुष्यातले सर्वांत जड दिवस एका छपराखाली गेले. १ फेब्रुवारी १८५० रोजी तेव्हाचा धाकटा मुलगा एडी गेला तेव्हा दोघं स्प्रिंगफील्डमध्ये होती. २० फेब्रुवारी १८६२ रोजी मुलगा विली गेला तेव्हा दोघं व्हाइट हाउसमध्ये होती. त्या दिवसांतलं एकमेकांना लिहिलेलं काही असण्याचं कारणच नाही. शिवाय जे लिहिलं गेलं त्यातलंही सगळं राहिलं नाही. अध्यक्षपदाच्या आधी मेरीने नवऱ्याला लिहिलेलं फक्त एक पत्र आज उपलब्ध आहे, मे १८४८ मधलं. थोरला मुलगा रॉबर्ट याने वडिलांचे कागद काँग्रेसच्या ग्रंथालयाला दिले, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं ते उघडायचे नाहीत या अटीवर. ते उघडले २६ जुलै १९४७ रोजी. आईची पत्रं मिळतील तिथून मिळवून नाहीशी करण्याचीही त्याची खटपट होती. १८७५ साली त्यानेच आईला वेडी ठरवण्यासाठी न्यायालयात नेलं होतं, हे लक्षात घेतलं की या निवडीमागची धास्ती समजते. थोडक्यात, आपल्या हाती आहे ते एका लांबलचक संभाषणाचं एकतर्फी आणि चाळलेलं शिल्लक. अशा शिल्लकीवरून संसाराचा ताळेबंद मांडता येत नाही. पण संभाषणाची एक बाजू काळजीपूर्वक ऐकली, तर पलीकडे कोण बोलत असावं याचा अंदाज नक्की बांधता येतो.

१६ एप्रिल १८४८ चं पत्र या दृष्टीने वाचण्याजोगं आहे. लिंकन पहिल्यांदाच काँग्रेसवर निवडून आला होता. डिसेंबर १८४७ मध्ये तो बायको आणि दोन लहान मुलांसह वॉशिंग्टनला आला आणि कॅपिटॉलजवळच्या मिसेस स्प्रिग यांच्या बोर्डिंग हाउसमध्ये राहिला. वसंत ऋतूपर्यंत मेरी मुलांना घेऊन लेक्सिंग्टनला वडिलांकडे गेली. मग तो लिहितो, की तू इथे होतीस तेव्हा माझ्या कामात जरा अडथळा होतो असं वाटायचं, आता नुसतं कामच उरलं तर त्याची चव गेली. एडीच्या पायांना बसतील असे चौकटीचे मोजे शोधत दुकानं पालथी घातल्याचं तो सांगतो. मनाजोगते मिळाले नाहीत, उद्या सकाळी पुन्हा बघतो म्हणतो. डोकेदुखी थांबली का, हे विचारून लगेच थट्टा: अशीच ठणठणीत आणि तरुण होत गेलीस तर दुसरं लग्न करायला निघशील. एवढ्यावर सुखी संसाराचे वकील थांबतात. पण त्याच पत्रात दोन बारीक गोष्टी आहेत. माझ्या पत्त्यावर नावाआधी ‘ऑनरेबल’ लिहू नकोस, असं तो सुचवतो. टपालहशील माफ होण्यासाठी ते लागतं असं तुला वाटलं असेल, पण लागत नाही. आणि बोर्डिंग हाउसमधल्या मंडळींचे निरोप कळवताना तो म्हणतो, की तुझं ज्यांच्याशी चांगलं जमायचं त्या सगळ्यांनी तुला आठवण सांगितली आहे. बाकीचे काही बोलत नाहीत.

या दोन वाक्यांत मेरी उभी राहते. नवऱ्याची पदवी पाकिटावर ठसठशीत लिहिण्यात तिला आनंद होता, किंवा पोस्टाचे चार पैसे वाचवण्याचा हिशेब होता, किंवा दोन्ही. काँग्रेसच्या सभासदांनी भरलेल्या घरात काही महिन्यांतच तिचे मित्र आणि अमित्र ठरले होते, आणि हे नवऱ्याला ठाऊक होतं. तो तिला त्याबद्दल रागावत नाही. दोघांनाही माहीत असलेली गोष्ट तो एका कोरड्या वाक्यात मिटवतो. २ जुलैच्या पत्रात दुकानदारांच्या तगाद्याचा मजकूर आहे: एकाने ५ डॉलर ३८ सेंट मागितले, दुसऱ्याने साडेआठ डॉलर. लिंकन लिहितो, की जाताना काही देणं राहिलेलं नाही असं तू सांगितल्याचं आठवतं म्हणून मी पैसे दिले नाहीत. खरं काय ते पुढच्या पत्रात कळव. मेरीच्या उधळेपणाची ही पहिली नोंद असं या ओळींचं वाचन झालेलं आहे. व्हाइट हाउसच्या सजावटीवर तिने मंजूर रकमेच्या बाहेर खर्च केला आणि पुढे नवऱ्यापासून लपवून कर्जं केली, हे खरंच आहे. पण १८६० च्या दशकातली मेरी १८४८ च्या बिलांत शोधणं म्हणजे उत्तर आधी आणि उदाहरण मागून. पत्रात जे आहे ते एवढंच: हिशेब तिच्याकडे होता, आणि दुकानदाराच्या शब्दापेक्षा त्याने तिच्या शब्दावर भरवसा ठेवला.

इथे एक सरळ आक्षेप येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. याच महिन्यांत लिंकन हर्नडनला वेगळ्याच प्रकारची पत्रं लिहीत होता. मेक्सिकोशी चाललेलं युद्ध अध्यक्ष पोकने संविधानाला धरून सुरू केलं का, यावर फेब्रुवारी १८४८ मध्ये त्याने भागीदाराशी मुद्देसूद वाद घातला. शेजारच्या देशावर स्वारी करणं गरजेचं आहे की नाही हे अध्यक्षालाच ठरवू दिलं, तर मनात येईल तेव्हा युद्ध करण्याची मुभा त्याला मिळते, हा त्याचा प्रसिद्ध युक्तिवाद त्याच पत्रातला. मग निष्कर्ष उघड वाटतो: संविधान भागीदारासाठी, मोजे बायकोसाठी. १२ जूनच्या पत्रात तर मेरी वॉशिंग्टनला परत यायची परवानगी मागते आणि तो विचारतो, सगळ्या बाबतीत शहाण्यासारखी वागशील ना? त्यात थट्टा आहे, पण परवानगी द्यायचा अधिकारही आहे, आणि तो त्या काळच्या नवऱ्याचा आहे. हे मान्य केलंच पाहिजे. तरी आक्षेपातली दुसरी पायरी घसरती आहे. हर्नडनला लांबलचक लिहावं लागलं कारण हर्नडनला त्याचं म्हणणं पटलं नव्हतं. जो विरोध करतो त्याला युक्तिवाद लिहून पाठवावा लागतो. मेरी लहानाची मोठी झाली ती लेक्सिंग्टनच्या विग घरात. हेन्री क्ले हा तिच्या वडिलांचा मित्र होता. तिला विग पक्षाची भूमिका समजावून देण्याची गरज नव्हती. पत्रात राजकारण नसणं हा १८४८ पुरता तिच्या अनास्थेचाही पुरावा नाही आणि आस्थेचाही नाही. तिथे मौन आहे, आणि मौनावरून काही सिद्ध करायचं नसतं.

पुढच्या पत्रांत हे मौन सुटतं. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमध्ये लिंकनने जे भाषण केलं त्याने तो अध्यक्षपदाच्या शर्यतीत आला, असं आज मानलं जातं. मुलगा रॉबर्ट एक्सिटरच्या शाळेत शिकत होता. त्याला भेटायला गेलेला लिंकन ४ मार्चला तिथून मेरीला लिहितो. न्यू यॉर्कचं भाषण निघण्यापूर्वीच तयार होतं, ते बऱ्यापैकी झालं आणि त्याचा त्रास पडला नाही. अवघड गेली ती त्यानंतरची नऊ भाषणं, कारण श्रोते वाचणारे होते आणि माझे सगळे मुद्दे त्यांनी छापील स्वरूपात आधीच पाहिले होते. हे बढाईचं पत्र नाही. एखादा गवई घरी आल्यावर ज्याला गाण्यातलं कळतं त्यालाच सांगेल की आज कुठे दमछाक झाली, तसा हा मजकूर आहे. भाषण गाजलं हे वर्तमानपत्रांतून कुणालाही कळलं असतं. ते कुठे अडलं, हे ऐकून ज्याला काही समजेल त्यालाच लिहिलं जातं.

सर्वांत बोलका पुरावा आहे ८ ऑगस्ट १८६३ चा. गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्गच्या विजयांना जेमतेम महिना झाला होता. मेरी धाकट्या मुलाला, टॅडला घेऊन उन्हाळ्यासाठी उत्तरेला गेली होती. पत्राची सुरुवात पैशांनी: रक्कम सरकारी खजिन्यात पाच टक्क्यांनी ठेवली आहे, तीस दिवसांच्या सूचनेवर कधीही काढता येईल, हे ऐकून तुला बरं वाटेल. मग टॅडची लाडकी शेळी हरवल्याची बातमी, सविस्तर. तुम्ही गेलात त्या दिवशी ती टॅडच्या पलंगाच्या मधोमध रवंथ करत बसलेली सापडली होती. ती फुलझाडं खाते अशी माळ्याची तक्रार, म्हणून तिला व्हाइट हाउसला आणलं, आणि दुसऱ्याच दिवशी ती नाहीशी झाली. हवा कोरडी आणि उकाड्याची. आणि मग, एकही नवा परिच्छेद मनात न पाडल्यासारखी, केंटकीची निवडणूक: म्हातारा विक्लिफ सपाटून हरला, क्रिटेंडन वारल्यावर त्याच्या जागी कॅशियस क्लेचा भाऊ ब्रूटस उभा राहिला आणि मोठ्या फरकाने निवडून आला, मेंझीज, जो गेल्या अधिवेशनात फार वाईट वागला असं आपलं मत झालं होतं, त्याला कॅशियसच्या भाच्याने हरवलं. आणि मग पुरे झालं म्हणून तो थांबतो. या पत्रातून शेळी काढून लिंकनच्या वत्सलतेचे दाखले दिले गेले. राजकारणाच्या ओळी तळटीपांत गेल्या. वास्तविक महत्त्वाचं आहे ते मेंझीजबद्दलचं वाक्य. काँग्रेसच्या एका सभासदाच्या एका अधिवेशनातल्या वागणुकीवर नवरा-बायकोचं आधी बोलणं होऊन एकमत झालेलं होतं, आणि लिंकन ते दोघांचं मत म्हणून नोंदवतो.

यावरही आक्षेप घेता येईल: केंटकी हे मेरीचं माहेर. क्ले, क्रिटेंडन, विक्लिफ ही तिच्या लहानपणापासूनची घराणी. ही राजकीय चर्चा नसून माहेरची खबरबात आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण तो दोन्हीकडे लागू पडतो. केंटकी हे गुलामगिरी असलेलं आणि तरीही संघराज्यात राहिलेलं सीमेवरचं राज्य. ते हातचं जाऊ नये ही लिंकनची युद्धभर चिंता होती. त्या राज्यातली माणसं बायकोला आतून माहीत असणं ही अध्यक्षाच्या दृष्टीने नुसती खबरबात नव्हती. शिवाय मेरीची मतं नवऱ्याच्या मताची सावली नव्हती, याला तिच्याच हातचा पुरावा आहे. नोव्हेंबर १८५६ मध्ये सावत्र बहीण एमिली हिला लिहिताना ती स्पष्ट सांगते, की लिंकनने रिपब्लिकन फ्रेमाँटच्या बाजूने काम केलं असलं तरी तो गुलामगिरी ताबडतोब मोडू पाहणाऱ्यांपैकी नाही, आणि तिचं स्वतःचं मन मात्र फ्रेमाँटचा प्रतिस्पर्धी फिलमोर याच्याकडे होतं. नवऱ्याचा पक्ष आणि त्याच्या धोरणाची मर्यादा समजावून देत स्वतःचा कल वेगळा आहे असं लिहिणारी बाई माहेरच्या बातम्यांपुरती राजकारणात नव्हती.

याच एमिलीचा नवरा बेंजामिन हार्डिन हेल्म दक्षिणेच्या सैन्यात जनरल होता. १९ आणि २० सप्टेंबर १८६३ ला चिकमॉगाची लढाई झाली आणि २४ तारखेला लिंकनने मेरीला तार केली. घरच्या तारा एरवी दोन-चार ओळींच्या असतात: टॅडचं पिस्तूल काढून ठेव, मला त्याच्याबद्दल वाईट स्वप्न पडलं, शेळ्या आणि बाबा मजेत आहेत, विशेषतः शेळ्या. ही तार मात्र अहवालासारखी आहे. लढाईचा आता बराचसा अचूक हिशेब लागला आहे; मुख्य लढाई संपल्यावर आपण जागा सोडली आणि तोफा व जखमी शत्रूच्या हाती गेले, एवढ्यापुरताच आपला पराभव; आपला एक जनरल पडला, तीन-चार जखमी; शत्रूच्या सांगण्यानुसार त्यांचे सहा पडले, आठ जखमी; आणि पडलेल्यांत तुझा मेहुणा हेल्म आहे. तारा युद्धखात्याच्या कचेरीतून, कारकुनांच्या नजरेखालून जात. तिथे शोक लिहिता येत नव्हता, हे कबूल. पण गुप्ततेच्या भीतीने तार छोटी झाली असती, तपशिलाची नव्हे. दोन्ही बाजूंचे किती जनरल पडले याची तुलना मेरीला हवी होती, किंवा ती हवी असेल असं लिंकनला वाटलं, हेच या तारेतून कळतं. मेहुण्याच्या मृत्यूची बातमी त्या तुलनेच्या ओघातच येते, कारण त्या घरात युद्ध आणि नातं वेगळं काढता येत नव्हतं.

बायकोला काय सांगावं लागत नव्हतं, हा निकष किती उपयोगी आहे ते दुसऱ्या एका राजकारण्याशी तुलना केली की कळतं. प्रशियाच्या बिस्मार्कने बायको योहाना हिला लिहिलेली पत्रं विपुल आहेत. मुलगा हर्बर्टने त्यांचा जाडजूड संग्रह १९०० साली काढला. त्यात राज्यकारभार भरपूर आहे. कोनिगग्रेट्झच्या विजयानंतर ९ जुलै १८६६ ला तो लिहितो, की मागण्या अवाजवी केल्या नाहीत तर चांगला तह मिळेल. पण आपली माणसं लवकर हुरळतात, आणि फेसाळत्या दारूत पाणी ओतून आपण युरोपात एकटे नाही हे पटवण्याचं नावडतं काम माझ्याकडे आलं आहे. इतिहासकारांनी ही ओळ धोरणाचा पुरावा म्हणून वापरली आणि ते योग्यच झालं. पण वाचकाच्या दृष्टीने पाहिलं तर बिस्मार्क समजावून सांगतो आहे. योहाना भाविक, घरात रमणारी. राजकारण तिला नवऱ्याच्या तब्येतीपुरतंच लागत होतं. म्हणून प्रतिमा, म्हणून खुलासा. लिंकन खुलासा करत नाही. नावं ओळख न करून देता येतात, निकाल कारण न सांगता येतो. पत्रात राजकारण किती आहे यावरून बायकोचा सहभाग मोजला तर योहाना पुढे जाईल. राजकारण किती न सांगता चालतं यावरून मोजला तर मेरी.

मात्र जाणणं आणि प्रभाव पाडणं यांत अंतर आहे, आणि मेरीच्या बाजूने लिहिणारे ते कधीकधी विसरतात. २ नोव्हेंबर १८६२ रोजी न्यू यॉर्कहून तिने नवऱ्याला लिहिलं, की मॅक्लेलनच्या जागी लढणारा सेनापती नेमलास तर लोक तुझी पूजा करतील, असं अनेकजण म्हणतात. ५ नोव्हेंबरला लिंकनने मॅक्लेलनला काढण्याचा हुकूम दिला. तारखा इतक्या जवळ आहेत की कारण आणि परिणाम जोडण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. सप्टेंबरमध्ये अँटिटमच्या लढाईनंतर दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्याला निसटू दिल्यापासून लिंकनचा धीर सुटत चालला होता, आणि ४ नोव्हेंबरच्या निवडणुका पार पडेपर्यंत तो थांबला असावा, हे स्पष्टीकरण पुरेसं आहे. पत्राने निर्णय झाला असं म्हणायला आधार नाही. पण न्यू यॉर्कमध्ये लोक काय बोलतात ते ऐकून, त्यातलं कामाचं निवडून, अध्यक्षाला कळवणं ती आपलं काम समजत होती, हे म्हणायला पुरेपूर आधार आहे. दावा इथे थांबवला तरच तो टिकतो.

हा सगळा पुरावा एकत्र पाहिला तर सुख-दुःखाचा खटला बंद करणं शहाणपणाचं आहे. तो चालवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं नाही. हर्नडनला मित्राचं दुःख दाखवायचं होतं, रँडलना एका बाईवरचा अन्याय दूर करायचा होता. पण दोघांनीही पत्रांना लिंकनच्या मनाची खिडकी मानलं, आणि खिडकीतून ज्याला जे हवं ते दिसलं. आता हवी आहे ती वेगळ्या मांडणीची आवृत्ती: मेरीला आलेली पत्रं आणि तारा, तिची उरलेली पत्रं, आणि त्याच आठवड्यात लिंकनने इतरांना त्याच विषयावर लिहिलेलं, हे सगळं तारीखवार शेजारी-शेजारी. आज नवऱ्याचं एका ग्रंथमालेत आहे आणि बायकोचं दुसऱ्या पुस्तकात. संभाषण छपाईतच तुटलेलं आहे. ते जोडलं की घरगुती पत्र म्हणून बाजूला ठेवलेल्या कागदांत केंटकीची निवडणूक, चिकमॉगाचे आकडे आणि न्यू यॉर्कचं लोकमत आपोआप वर येईल. मेरी लिंकन चांगली बायको होती का, हा प्रश्न त्यानेही सुटणार नाही. पण राजकारण कळणारं जवळचं माणूस लिंकनला घरातच होतं, हे मान्य करायला कुणाचा पक्ष घ्यावा लागणार नाही.